हक्कवाल्या बाईंची तपासणी

नांदेडहून लातूरला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत डावीकडची तिसरी खिडकी अ‍ॅडव्होकेट सौदामिनी कंधारकरांची, हे त्या मार्गावरच्या कंडक्टरांना पाठ झालं होतं. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत वही, पाण्याची बाटली. डबा मात्र नाही. ज्या वृद्धाश्रमाची तपासणी करायची, तिथल्याच म्हाताऱ्या माणसांच्या पंगतीला बसून जे असेल ते जेवायचं, हा त्यांचा नियम होता. शेजारी असत समाजकल्याण कचेरीतले रेणुकादास, वृद्धाश्रम तपासणी समितीचे कागद सांभाळणारे, निवृत्तीला वर्षभर उरलेले. त्यांच्या पिशवीत दोन डबे.

"म्याडम, तुमचा नियम तुम्हाला लखलाभ. माझं पोट सरकारी आहे, त्याला वेळेवर हजेरी लागते," असं म्हणून ते अहमदपूर यायच्या आत पहिला डबा उघडत.

सौदामिनीबाई या समितीच्या अध्यक्ष होऊन सात वर्षं झाली होती. नांदेड आणि लातूर, दोन्ही जिल्ह्यांतले वृद्धाश्रम न कळवता जाऊन पाहायचे, आणि कोणता चालू ठेवावा, कोणता बंद करावा, हे जिल्हाधिकाऱ्यांना लिहून द्यायचं. त्याआधीची अठरा वर्षं कोर्टात गेली होती. खटला उभा न राहता तुरुंगात पडून राहिलेले कैदी, ऊसतोडीला नेऊन डांबलेल्या बायका, रेशनकार्डातून नाव गेलेले लोक. असल्या कामांमुळं नांदेडच्या कोर्टात त्यांना 'हक्कवाल्या बाई' म्हणत. काही जण आदरानं म्हणत, काही जण चहाच्या टपरीवर एकमेकांना डोळा मारून.

पण चाकूर मागं पडलं की त्यांचं मन कोर्टात रमत नसे. ते थेट पंचवीस वर्षं मागं जाई, भूकंपाच्या वर्षात.

तेव्हा त्या पंचवीसच्या होत्या. सनद मिळून चारच महिने झाले होते. वडील नांदेडच्या शाळेत मास्तर. शिक्षकांनी जमवलेल्या घोंगड्या आणि भांड्यांच्या ट्रकमध्ये बसून त्या औशाच्या पुढं, तेरणा नदीच्या अंगाला असलेल्या एका गावात गेल्या. चार दिवसांसाठी म्हणून गेल्या आणि पाच महिने राहिल्या.

कुणी विचारलं तर त्यांना पडलेल्या काळ्या दगडाच्या भिंती आधी आठवत नसत. आठवत ते पत्र्याचे शेड आणि शेडांतली माणसं. दोन शेडच्या मध्ये दोरी बांधून त्यावर सगळ्या गल्लीचे कपडे एकत्र वाळत. कुणाचं धोतर कुणाच्या अंगावर, याचा हिशेब कुणी ठेवत नव्हतं. सकाळी खिचडीच्या रांगेत पाटील आणि त्यांचा सालगडी पुढं-मागं उभे राहत आणि दोघांनाही ते अवघड वाटे. दुपारी बायका जमिनीत खड्डा करून, दगड मांडून, उगीच काहीतरी शिजवत बसत. खिचडी फुकट मिळत असली तरी आपल्या हातचं घासभर हवं असे. सौदामिनीला त्यांनी त्या पाच महिन्यांत ज्वारीची भाकरी थापायला शिकवली. "वकिलीन झालीस, पर भाकर गोल न्हाई झाली अजून," अशी थट्टा करत. इतकं आपलेपण पुढं आयुष्यात परत कुठं मिळालं नाही, असं त्यांना अजून वाटे.

त्या गावातच त्यांच्या हातून एक चूक झाली.

नवीन घरं कुणाला द्यायची, याची यादी चालली होती. नियम साधा होता. जिथं चूल वेगळी, तिथं कुटुंब वेगळं, आणि वेगळ्या कुटुंबाला वेगळं घर. सौदामिनी वही घेऊन शेडमागून शेड फिरत होती. साखराबाई नावाची साठी उलटलेली बाई दारात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. शेजारी तिचा मुलगा ग्यानोबा, सून, आजूबाजूचे चार लोक.

"आजी, तुमची चूल कुठं होती?"

"लेकाकडं की. हा काय माजा ग्यानोबा. दोन टाईम ताट वाढून देतीय सून."

ग्यानोबानं मान खाली घातली. शेजाऱ्यांनी माना हलवल्या. सौदामिनीनं लिहिलं, साखराबाई, मुलाच्या कुटुंबात.

अडीच वर्षांनी नवं गाव उभं राहिलं. सरळ रेषेत आखलेल्या गल्ल्या, एकासारखं एक घर. चाव्या द्यायच्या दिवशी सौदामिनीला मुद्दाम बोलावलं होतं. ग्यानोबाच्या घराच्या मागं तिला चार पत्रे तिरपे लावलेले दिसले. आत साखराबाई फुंकणीनं चूल पेटवत होती. आईची चूल वेगळी होऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. म्हणजे भूकंपाच्या आधीपासून. सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण शहरातून वही घेऊन आलेल्या पोरीपुढं, चार माणसांत, लेकानं आईला वेगळं काढलंय हे त्या गावातली एकही बाई बोलली नसती. आई तर नाहीच नाही.

"आजी, तुम्ही तर मला म्हणाला होतात..."

"म्हनले होते. त्याच्यासमोर विचारलीस, मग काय सांगू? पोरगं हाय माजं." साखराबाईनं धुरानं भरलेले डोळे पुसले आणि तिलाच समजावलं, "तू मी म्हनलं तसंच लिवलीस, बाई. तुजी काय बी चूक न्हाई."

सौदामिनीनं त्या घरासाठी तीन वर्षं लातूरचे खेटे घातले. शेवटी एक खोली मिळाली. साखराबाई तिच्यात दोन वर्षं राहिली, दारात झेंडू लावला, आणि एका दुपारी झोपेतच गेली. पण सौदामिनी या सगळ्यातून एक धडा घेऊन उठली. म्हातारं माणूस सांगतं ते खरं धरायचं नाही. ते लेकराला झाकतं, सुनेला झाकतं, स्वतःच्या अपमानाला झाकतं. तोंडाकडं बघायचं नाही, हाताकडं बघायचं.

समितीवर आल्यावर हा धडाच त्यांची पद्धत झाली. वृद्धाश्रमाच्या पुढच्या दारानं त्या कधी आत जात नसत. आधी मागचा भाग, मोरी, संडास, मग स्वयंपाकघर, आणि सगळ्यात शेवटी कचेरी. अंथरुणावरच्या चादरीला घडीच्या करकरीत रेषा दिसल्या की समजायचं, ट्रंकेतून आज सकाळीच निघाली. न्हाणीतल्या साबणाला भेगा असल्या की तो महिनाभर ओला झालेला नाही. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख, नखं, टाचा, पाठीवरचे वळ. एखादा म्हातारा उत्तर द्यायच्या आधी कुणाकडं बघतो, हे त्या वहीत टिपून ठेवत. 'जेवण मिळतं का?' असं त्यांनी सात वर्षांत कुणालाही विचारलं नव्हतं. भांडी बघितली की कळत होतं.

या पद्धतीनं त्यांनी बेचाळीस रकान्यांचा एक तक्ता तयार केला. तो तक्ता इतका चोख होता की बाहेरच्या जिल्ह्यातूनही तो मागायला लोक येत. त्याच्या जोरावर त्यांनी चार वृद्धाश्रम बंद करायला लावले. त्याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत.

लातूर मात्र ओळखू येईनासं झालं होतं. कधी काळी स्टँडवर उतरलं की डाळीचा वास यायचा. गंजगोलाईच्या बाजारपेठेकडं जाताना तुरीनं भरलेल्या गाड्यांमागं अडकून पडावं लागायचं. आता प्रत्येक वळणावर डॉक्टरकीला प्रवेश मिळालेल्या मुलामुलींचे फोटो होते, मार्कांसकट. गल्लीगल्लीत शिकवण्या, घराघरावर चढवलेले मजले, प्रत्येक मजल्यावर खोल्या, प्रत्येक खोलीत तीन पोरं. आणि कित्येक खोल्यांत एक आजी. पोराला मेसचं जेवण सोसत नाही म्हणून दोन वर्षांसाठी आजीला गावाकडून आणायचं, ही एक नवीनच रीत पडली होती. मुखेडची, नायगावची, देगलूरची आजी. गॅसची शेगडी, कुकर, आणि खिडकीतून दिसणारी समोरची भिंत.

दोन हजार अठराच्या एप्रिलात रेणुकादास एक पाकीट हलवत त्यांच्याकडं आले.

"म्याडम, ही तपासणीची मागणी आहे की लग्नाची पत्रिका, तुम्हीच सांगा."

लातूरच्या एका वृद्धाश्रमाच्या चालकांनी, मल्लिकार्जुन अप्पांनी, स्वतः लिहिलं होतं. 'आमच्या संस्थेत अनेक त्रुटी आहेत. समितीने त्वरित पाहणी करावी व योग्य तो निर्णय घ्यावा.' सात वर्षांत कुणी समितीला बोलावलं नव्हतं. लोक समिती येणार म्हटलं की गायब तरी होत, नाहीतर रांगोळी काढत.

तो आश्रम म्हणजे एका डाळमिलवाल्यांचा जुना बंगला. ते गेल्यावर त्यांच्या बायकोनं तो म्हाताऱ्यांसाठी दान दिला होता. आता ती बाईही नव्हती. लोक त्याला नुसतं 'बंगला' म्हणत. चारी बाजूंनी शिकवण्यांच्या इमारती आणि मध्ये हा दोन मजली, लिंबाच्या झाडाआड. अकरा माणसं राहत होती.

सौदामिनीबाई नेहमीप्रमाणं मागच्या दारानं आत शिरल्या, तर तिथं मल्लिकार्जुन अप्पा हजर. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, कपाळाला विभूती.

"या बाई, आधी संडास बघा. दार तुटलंय, सहा महिने झाले. हे बघा छत, गळतंय. वर जायला कठडा न्हाई. डॉक्टर येत न्हाईत, वहीच न्हाई तर सही कुठून असंल? लिहून घ्या."

समितीतले डॉक्टर भराभर लिहून घेत होते. सौदामिनीबाईंना काहीतरी खटकत होतं, पण जे दिसत होतं ते खोटं नव्हतं. बेचाळीस रकान्यांपैकी एकोणतीस रकान्यांत फुली पडली.

आणि म्हातारी माणसं मात्र एका सुरात सांगत होती, सगळं चांगलं आहे.

"छत गळतं ना, आबा?" त्यांनी सटवाजी नावाच्या म्हाताऱ्याला विचारलं. मुखेडकडचा, पंच्याहत्तरी ओलांडलेला, काठीसारखा सरळ.

"कुठं गळतंय? थोडं झिरपतंय. मुखेडला माजं घर याच्यापेक्षा लई गळायचं."

"संडासाचं दार?"

"दार कशाला पाह्यजे? आत जाताना खोकायचं. खोकला तर हायच आमाला."

सगळे हसले. सौदामिनीबाईंनी वहीत लिहिलं, 'राहणारे वस्तुस्थिती लपवत आहेत.' साखराबाईनंही अशीच लपवली होती.

दुपारी पंगत बसली. भात आणि चारू, म्हणजे देगलूरकडं करतात तसं चिंचेचं पातळ सार. वरून लसणाची फोडणी. रेणुकादासांनी आपला दुसरा डबा न उघडता तिसऱ्यांदा चारू मागून घेतलं. स्वयंपाक करणारी बाई बाहेर आली. ठेंगणी, कपाळावर मोठं गोंदण. तिचं नाव पार्वतम्मा. आश्रमात स्वयंपाकीण नव्हती. तीच राहणारी, तीच रांधणारी. तिनं सौदामिनीबाईंच्या ताटात भात वाढता वाढता हळूच विचारलं,

"बंद करनार का, अम्मा?"

"बघू," सौदामिनीबाई म्हणाल्या. हे उत्तर त्या नेहमीच देत.

जेवण झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "यात विचार करण्यासारखं काय आहे? नियमाप्रमाणं बंद. अकरा जणांची सोय लावून देऊ. नांदेडला चार, धर्माबादला तीन, उरलेले जिथं जागा असेल तिथं."

तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात काय लिहायचं, ते सौदामिनीबाईंच्या डोक्यात तयार होतं. तरी सवयीनं त्या हात धुवायला म्हणून मागच्या पत्र्याच्या खोलीपर्यंत गेल्या. कडी काढली. आत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली नवीकोरी टेबलं होती, एकावर एक. छोटी, एका माणसाला पुरतील एवढी, प्रत्येकाला पुस्तकांची फळी आणि दिव्याची जागा. दोनमजली लोखंडी कॉट. त्यांनी मोजल्या, चोवीस.

"अप्पा, हे कुणासाठी?"

मल्लिकार्जुन अप्पांचा चेहरा उतरला. "म्हाताऱ्या मान्सांसाठीच. देणगीत आल्यात."

मागून सटवाजीचा आवाज आला, "हाव का? मग आमी कोनत्या परीक्षेला बसायलोय, अप्पा?"

त्याच दुपारी रेणुकादासांनी धर्मादाय कचेरीतून बंगल्याच्या दानपत्राची नक्कल आणली. एसटी स्टँडवर बसून दोघांनी ती वाचली. कलम सातवं होतं. आश्रम चालू आहे तोवर बंगला दुसऱ्या कशासाठी वापरता येणार नाही. सरकारनं आश्रम बंद केला, तर मात्र पुढं काय करायचं ते चालकांनी ठरवावं.

"म्हणजे म्याडम," रेणुकादास चष्मा पुसत म्हणाले, "अप्पांना स्वतः कुलूप घालता येत नाही. आपल्या हातून घालून घ्यायचंय. जूनमध्ये पोरं येतील, तोवर बंगला मोकळा."

सौदामिनीबाईंनी नक्कल घडी करून पिशवीत ठेवली. आपला चोख तक्ता कुणीतरी आपल्याच हातानं वापरत होतं. फुल्या खऱ्या होत्या. छत खरंच गळत होतं. त्या खऱ्या लिहिल्या तर अकरा माणसं चार गावांत पांगणार होती. खोट्या लिहायच्या, तर सात वर्षांत जे कधी केलं नाही ते करायचं. नांदेडची शेवटची एसटी त्यांनी जाऊ दिली आणि विश्रामगृहावर मुक्काम केला. समितीचा अहवाल आठ दिवसांत द्यायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्याच बंगल्यावर गेल्या. वही घेतली नाही. पार्वतम्मा लिंबाखाली चिंच निवडत बसली होती. सौदामिनीबाई समोर बसून चिंचोके काढू लागल्या.

"तू वकील ना? चिंचेनं हात काळं होतंय."

"होऊ द्या. तुम्ही इथं कशा आलात, मावशी?"

"नातवाला घेऊन आले. ती समोरची पिवळी बिल्डिंग दिसायली ना, तिच्या तिसऱ्या मजल्यावर खोली होती. दोन वर्षं रांधले. पहाटं चारला उठून चहा. पोरगं वाचायलं की मी बी जागीच. मला काय कळतंय त्या पुस्तकातलं? पर त्याला वाटायचं, आजी हाय." ती हसली. "त्या गल्लीत लई आज्या होत्या, अम्मा. दिवस मावळताना समद्या खाली कट्ट्यावर येऊन बसायच्या. कुनी नायगावची, कुनी मुखेडची. माज्या गावात बी माजी एवढी मैत्री न्हवती. महादेवी तिथंच भेटली मला. आत पडलीय बघ, गुडघा धरून. एकमेकीच्या नातवाचं मार्क आमालाच आधी ठावं असायचं."

"मग?"

"मग निकाल लागला. पोरगं गेलं औरंगाबादला, डाक्टर व्हायला. समद्या आज्या गेल्या आपापल्या गावी. माजा लेक म्हनला, अम्मा, घरात अडचन हाय, चार दिवस इथं ऱ्हा. तीन वर्षं झाली." ती सांगताना ना रडली, ना कुणाला नावं ठेवली. "महादेवीचं बी तसंच. दोगी एकाच महिन्यात आलो. सटवाजी आला, मग बाकीचे."

"मावशी, काल तुम्ही सगळ्यांनी मला खोटं सांगितलंत. छत गळतं. संडासाला दार नाही. म्हातारपणी पडून हाड मोडलं तर?"

पार्वतम्मानं हातातली चिंच परातीत टाकली.

"खोटंच सांगितलो. तू काय विचारलीस? कसं हाय, ते विचारलीस. वाईट हाय म्हनलं तर तू बंद करनार, आमाला काय कळत न्हाई का? तुमी इतके लोक येताव, नखं बघताव, साबन बघताव. कुठं ऱ्हायचंय, कुनासंगं ऱ्हायचंय, हे कुनी तरी विचारलं का आमाला?"

बेचाळीस रकाने सौदामिनीबाईंना तोंडपाठ होते. त्यात हा प्रश्न नव्हता. पाण्याच्या टाकीचं झाकण होतं, चादरींची संख्या होती, खिडकीची उंचीसुद्धा होती.

त्यांना बंद केलेले चार आश्रम आठवले. माणसं 'अन्यत्र हलवली' असं त्यांनीच लिहिलं होतं. नांदेडच्या एका आश्रमातून हलवलेले एक मास्तर हमालाला म्हणत होते, "मला शेजारच्या कॉटवाल्याबरोबर एकाच गाडीत बसवा हो." गाड्या वेगळ्या होत्या. सौदामिनीबाई तेव्हा तिथंच उभ्या होत्या, हातात सहीचा कागद घेऊन, आणि त्या दिवशी चांगलं काम झालं म्हणून आनंदात होत्या. भूकंपानंतरच्या त्या शेडमध्ये म्हातारी माणसं खोटं बोलतात एवढंच त्या शिकल्या होत्या. ती का बोलतात, काय वाचवायला बोलतात, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

"मग विचारते," त्या म्हणाल्या. "सांगा."

"इथंच," पार्वतम्मा म्हणाली. "महादेवीसंगं."

त्या दिवशी त्या अकराही जणांपाशी बसल्या. प्रत्येकाजवळ वेगळ्या, दुसरं कुणी ऐकणार नाही अशा. नऊ जणांना इथंच राहायचं होतं. एकाला धर्माबादला बहिणीजवळ जायचं होतं. एक बाई म्हणाली, "मला ठरवता येत न्हाई, उद्या सांगते," आणि दुसऱ्या दिवशी तिनं नातीकरवी खरंच फोन करून सांगितलं, इथंच.

निघताना मल्लिकार्जुन अप्पा फाटकात भेटले.

"बाई, मी काय राक्षस हाय का? नऊ वर्षं चालवलं. आता या गावात म्हाताऱ्यांसाठी कुनी काही द्यायला तयार न्हाई. शिकवणीच्या वर्गाला पंखे देतेत, आमाला जुनी धोतरं. मी थकलो."

"थकलात तर सोडा, अप्पा. पण तुम्ही सोडा. त्यांना सोडायला लावू नका."

"अन् छत? छताचं खोटं लिहनार तुमी?"

"एक फुलीसुद्धा कमी करणार नाही."

आणि तसंच केलं. अहवालात एकोणतीस फुल्या जशाच्या तशा राहिल्या. फक्त शेवटच्या रकान्यात 'बंद करावा' असं न लिहिता त्यांनी लिहिलं, 'दुरुस्त करावा.' छत, दार, कठडा पंचेचाळीस दिवसांत. डॉक्टर आठवड्यातून एकदा. चालक असमर्थ असतील तर दुसरा प्रशासक नेमावा. त्याखाली अकरा जणांची नावं आणि प्रत्येकापुढं, त्याच्या शब्दांत, त्याला कुठं राहायचंय ते. समितीतल्या डॉक्टरांनी आपलं वेगळं मत जोडलं, की अशा इमारतीत माणसं ठेवणं धोक्याचं आहे. सौदामिनीबाईंनी तेही पाठवलं. डॉक्टरांचं म्हणणं चूक नव्हतं, आणि म्हणूनच त्यांना पुढचे तीन आठवडे नीट झोप लागली नाही. त्या काळात एखादा म्हातारा जिन्यावरून पडला असता, तर दोष त्यांच्याच सहीवर आला असता.

रेणुकादास धीर देत. "म्याडम, माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदाच पाहिलं, सरकारी तक्त्यात माणूस बोललेला. साहेब वाचतील तरी कुतूहलानं."

जिल्हाधिकारी साहेबांनी वाचलं. मेच्या शेवटच्या आठवड्यात सुनावणी झाली. दानपत्राचं सातवं कलम, चोवीस टेबलांची नोंद, अकरा जणांचं म्हणणं. आदेश निघाला. बंगला चालू राहील, दुरुस्ती समितीच्या देखरेखीखाली होईल, राहणाऱ्याच्या लेखी मर्जीशिवाय एकालाही हलवायचं नाही.

तो आदेश वाचून दाखवायला सौदामिनीबाई आणि रेणुकादास लातूरला आले. लिंबाखाली सगळे जमले. महादेवीला खुर्चीसकट उचलून आणलं. मल्लिकार्जुन अप्पा दाराला टेकून उभे राहिले. बाईंनी सगळा आदेश सावकाश, साध्या भाषेत सांगितला.

"म्हंजे बंद न्हाई?" सटवाजीनं खात्री केली.

"नाही."

"आमी काय बी बोललो तरी न्हाई?"

"काहीही बोललात तरी नाही, आबा."

मग सटवाजी घसा खाकरून म्हणाला, "मग लिवून घ्या, बाई. ते छत झिरपत न्हाई, धो धो गळतंय. माजी गादी दोन पावसाळे भिजली."

"संडासाला दार पाह्यजे म्हंजे पाह्यजे," महादेवी खुर्चीतून म्हणाली. "याच्या खोकल्याचा भरोसा न्हाई, कवाबी खोकतंय हे."

"गोळ्या संपून महिना झाला!"

"डाळीत नुसतं पानी!"

"डाळीचं नाव घिऊ नको," पार्वतम्मा कडाडली, "डाळ देतंय कोन मला? मूठभर डाळीत अकरा मान्सं! तूर आना, मग बघा. आन् शेगडीचं एक तोंड बंद हाय, ते बी लिव, अम्मा."

"पंखा, माज्याकडचा पंखा बंद हाय!"

"अप्पा, जाऊ नका, तुमी बी ऐका!"

सगळे एकदम बोलू लागले. तीन वर्षांचं साठलेलं एकाच वेळी बाहेर पडत होतं. कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. सौदामिनीबाई भराभर लिहीत होत्या, पान उलटत होत्या. शेवटी त्यांनी हात वर केला.

"एकेक जण. रेणुकादास, तुमच्या पिशवीत कोरे कागद आहेत का?"

"आहेत, म्याडम. पण पुरायचे नाहीत," असं म्हणून रेणुकादासांनी फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानाकडं पावलं वळवली. मागून पार्वतम्माचा आवाज आला, "जरा जास्तीच आना, महादेवीचं अजून सुरूच व्हायचंय!"